उजवी बाजू

टॉवरमामा वर गेले ते दोन वर्षांच्या बोलीवर, आणि राहिले एकोणीस वर्षं.

वर म्हणजे चार हजार तीनशे मीटरवर. डोंगराच्या खांद्यावर एक लोखंडी टॉवर, पायथ्याशी पत्र्याच्या दोन खोल्या आणि मागे जनरेटरची शेड. या टॉवरमुळे खालच्या तीन खोऱ्यांतले फोन चालत. जनरेटर सांभाळायचा, बॅटऱ्यांत पाणी घालायचं, दर चार तासांनी मीटर वाचून वहीत आकडे लिहायचे, आणि बर्फ पडलं की टॉवरवर चढून तबकड्या खरवडून काढायच्या, हे मामांचं काम. जोडीला आणखी एक माणूस होता. तो नियमाने पंधरा दिवस वर राही आणि पंधरा दिवस खाली जाई, म्हणून मामांनी त्याचं नाव पंधरवड्या ठेवलं होतं. मामा स्वतः, पहिली दोन वर्षं सोडली तर, वर्षातून एकदा महिनाभर खाली उतरत.

"मामा, कंटाळा नाही येत?" पंधरवड्या विचारायचा.

"कंटाळा यायला सोबत लागते," मामा म्हणायचे.

खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिली दोन वर्षं संपवून ते घरी आले, तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. ती दाराशीच थबकली आणि आईच्या मागे गेली. बायकोने हसून स्वागत केलं, गरम पाणी काढलं, जेवायला वाढलं. पण पाण्यात बोट घालून काढावं आणि खड्डा पडू नये, तसं घर मामांच्या मागे मिटून गेलं होतं. नळ गळायला लागला तर कुणाला बोलवायचं, पंखा कुणाकडून दुरुस्त करून घ्यायचा, मुलीला ताप आला तर कुणाचं दार वाजवायचं, सगळं ठरून गेलं होतं. कुणी त्यांना नको म्हणत नव्हतं. नुसती गरज नव्हती. आठव्या दिवशी त्यांनी ऑफिसात जाऊन पुन्हा वर जायच्या कागदावर सही केली. मग दर वेळी करत गेले. पुढे पुढे ऑफिसनेच विचारणं सोडून दिलं.

बायकोशी बोलणं व्हायचं ते रविवारी चार वाजता, फोनवर. अर्धा तास. ती शिवणाचे वर्ग घ्यायची, त्यातल्या गमती सांगायची. मामा हवामान सांगायचे. मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली. रविवारचा फोन तसाच राहिला.

आणि मग एकदा कंपनीने नवा नियम काढला, की उंचावर काम करणाऱ्या सगळ्यांची तपासणी व्हावी. त्यासाठी एक डॉक्टरबाई जीपमधून वर आल्या, बरोबर सूटकेसएवढं एक मशीन घेऊन.

जीपपासून खोलीपर्यंत चौदा पायऱ्या. सातव्या पायरीवर डॉक्टरबाई कठडा धरून थांबल्या. चेहरा पांढराफटक, छातीचा भाता झालेला. मामा धावत गेले, खुर्ची आणून तिथेच पायरीवर मांडली, पाणी दिलं. मग आत येऊन बाईंनी मामांच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला, चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावला. मग निळसर पडलेली नखं बघितली. मग ओठ.

"डोकं दुखतं का?"

"सकाळी. फडकं घट्ट बांधलं की थांबतं."

"किती वर्षं?"

"मोजलं नाही."

"पायांना सूज?"

मामा खाली बघू लागले. कोपऱ्यातून पंधरवड्याच बोलला, "बूट दोन नंबर मोठे घेतलेत, डॉक्टर. म्हणे पाय वाढले."

"या वयात पाय वाढत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी थोडं रक्त काढून एका छोट्या यंत्रात घातलं आणि मामांना डाव्या कुशीवर निजवलं. छातीवर गार मलम लावलं, त्यावर दांडीसारखं काहीतरी टेकवलं, आणि मशीनच्या पडद्यावर करड्या रंगाची एक थरथर दिसू लागली.

"हे तुमचं हृदय."

मामा बघत राहिले. एकोणीस वर्षं त्यांनी नाना तऱ्हेची मीटरं वाचली होती. हे एक त्यांना वाचता येत नव्हतं.

"ही डावी बाजू. अंगभर रक्त ढकलते. तालमीतला गडी म्हणा. आणि ही उजवी. हिचं काम हलकं असतं, रक्त फक्त शेजारी फुप्फुसात सोडायचं. म्हणून ती पातळ असते, लहान असते. असायला हवी." डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "तुमची बघा. डावीपेक्षा मोठी झालीय. मधली भिंत डावीकडे रेटतेय."

"का?"

बाईंना बोलताना अजून दम लागत होता. त्या दोन-दोन वाक्यांनंतर थांबत होत्या. "फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा कमी पडली, की तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसतात. रक्त चांगल्या कोपऱ्याकडे वळावं म्हणून. शरीराचं शहाणपणच आहे ते. पण इथे, या उंचीवर, प्राणवायू सगळ्याच कोपऱ्यांत कमी. मग सगळ्याच वाहिन्या आक्रसतात. बिचाऱ्या उजव्या बाजूने रक्त ढकलायचं कुठे? ती जोर लावते. वर्षानुवर्षं लावते. जाड होते, मग फुगते, मग थकते. शिवाय प्राणवायू कमी म्हणून शरीराने रक्तातल्या लाल पेशी वाढवल्यात. तुमचं रक्त घट्ट झालंय. घट्ट रक्त, आवळलेल्या नळ्या, आणि ढकलणारी ही एकटी."

मामा उठून बसले, सदऱ्याची बटणं लावू लागले. "बाई, राग नका मानू. धाप तुम्हाला लागलीय, चौदा पायऱ्या तुम्हाला झेपेनात, आणि आजारी मी?"

पंधरवड्या फिसकन हसला. डॉक्टरबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "माझं शरीर नवं आहे इथे. बोंबलतंय. ते बरं. तुमच्या शरीराने तक्रार करणं सोडून दिलंय. मला त्याची भीती वाटते."

"मग आता?"

"खाली चला. दुसरं औषध नाही याला."

"पुढच्या महिन्यात येतो. कामाची घडी बसवून—"

"आज. याच जीपमधून."

मामांनी पंधरवड्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तो काही बोलला असता तर मामा भांडले असते. तो बोलला नाही, म्हणून ते कपडे गोळा करायला लागले. अर्ध्या तासात एकोणीस वर्षं दोन पिशव्यांत बसली. शेवटचे आकडे त्यांनी स्वतः वाचून वहीत लिहिले आणि पेन वहीत ठेवून दिलं.

बायकोने दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात मोजपट्टी होती. आत सहा बायका मशीनवर बसल्या होत्या. सगळ्या मशीनची घरघर एकदम थांबली.

"अगं, आलो," मामा म्हणाले.

"ऑफिसातून फोन आला होता. या ना." ती बाजूला झाली. मग त्यांच्या ओठांकडे पाहून तिचा चेहरा बदलला. "अहो, हे काय करून घेतलंत?"

पहिले पंधरा दिवस मामा झोपले. खालची हवा त्यांना जड वाटली, गोधडीसारखी. बसल्या जागी डोळा लागायचा. इस्पितळात आठवड्याला एकदा बाटलीभर रक्त काढून घेत. ते इतकं काळसर होतं की नर्सने पहिल्या दिवशी बाटली उजेडात धरून दुसऱ्या नर्सला दाखवली. डोकेदुखी चौथ्या दिवशी गेली. पायांची सूज उतरली आणि ते मोठे बूट चालताना फटफट वाजू लागले. महिनाभरात ओठांचा रंग माणसासारखा झाला. शरीर असं सुधारत गेलं, आणि मामांना दिवसाचं काय करायचं ते कळेना.

पुढच्या खोलीत सकाळी दहापासून वर्ग. मधल्या खोलीत कापायचं टेबल. मामांची खाट मागच्या खोलीत, कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी. त्यांना पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचं तर सहा बायकांच्या मधून जावं लागे, आणि त्या प्रत्येक वेळी पदर सावरून मशीन थांबवत. म्हणून त्यांनी पाणी पिणं कमी केलं. दर चार तासांनी मात्र ते सवयीने उठत आणि घरातला विजेचा मीटर बघून येत.

मुलीचा फोन यायचा. "बाबा, बरे आहात ना?" "हो." "आईला द्या जरा." एवढंच. त्यात तिचा काही दोष नव्हता.

बायको वेळेवर औषध द्यायची, वेळेवर ताट वाढायची, समोर बसायची. दोघं जेवायची. चमच्याचा आवाज व्हायचा.

"मीठ आहे ना बरोबर?"

"आहे."

एकदा सुट्टीच्या दिवशी ती बाहेर गेली असताना मामांनी तिचं जुनं मशीन खोललं. ते करकरत होतं, हे त्यांनी आठवडाभर ऐकलं होतं. सगळे भाग पुसले, तेल घातलं, पट्टा आवळला. मग बटणांचा डबा उपडा करून सगळी बटणं मापाप्रमाणे छोट्या डब्यांत लावली. कितीतरी दिवसांनी हातांना काम मिळालं होतं. ती आली तेव्हा ते जवळजवळ गुणगुणत होते.

तिने डबे पाहिले. मशीनवर बसून पाय मारला. पट्टा जास्त घट्ट झाला होता, दोरा तुटला.

"कुणी सांगितलं होतं?"

"करकरत होतं म्हणून—"

"करकरू दे! माझं आहे ते. बावीस वर्षं माझ्या पायाला त्याची सवय आहे. आणि बटणं रंगाप्रमाणे लागतात मला, मापाप्रमाणे नाही." तिचा आवाज चढला, मग मध्येच पडला. "विचारायचं तरी."

मामा उठले. मोठे बूट घालून बाहेर पडले.

डॉक्टरबाईंनी रोज सपाटीवर अर्धा तास चालायला सांगितलं होतंच. ते चालत राहिले, रस्ता संपून बंद पडलेल्या कारखान्याची भिंत आली तिथपर्यंत. भिंतीलगत एक बाक होता. बसले. त्या दिवशी रविवार होता, चार वाजून गेले होते. हात आपणहून खिशाकडे गेला. त्यांनी घरचा नंबर लावला आणि वाजायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय करतोय. तोवर तिने उचलला.

"हॅलो," ती म्हणाली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग तिचा आवाज आला, रविवारचा, सैल. "कसं आहे हवामान?"

"ढग आहेत थोडे. वारा नाही." मामांनी घसा साफ केला. "तुझं काय चाललंय?"

"काय सांगू? घरात एक माणूस आलंय. दिवसभर मुकाट बसतं. पाणीसुद्धा चोरून पितं. आज माझ्या मशीनची वाट लावली, आणि मी त्याला नको ते बोलले."

"नको ते नाही बोललीस. त्याने विचारायला हवं होतं."

"हो. विचारायला हवं होतं."

भिंतीपलीकडे कुठेतरी पत्रा वाजत होता. मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. समोरासमोर हा प्रश्न त्यांच्या तोंडून जन्मात निघाला नसता.

"त्याने परत जावं असं वाटतं का तुला?"



"नाही," ती म्हणाली. "पण मी एकटं राहायला शिकले होते. सोपं नव्हतं ते. पहिली दोन-तीन वर्षं कशी काढली माझं मला माहीत. आता हा माणूस येऊन ते मोडायला निघालाय. मोडू दे. पण त्या जागी काय ठेवणार आहे, ते तरी त्याने सांगावं."

मामांनी मग पुन्हा हवामानाचं काढलं. अर्धा तास झाला आणि नेहमीसारखं तिने "ठेवते" म्हणून ठेवला. घरी परत आल्यावर दोघांनीही या बोलण्याचा विषय काढला नाही. बटणं मात्र मामांनी रंगाप्रमाणे लावून दिली, तिला विचारून.

तीन महिन्यांनी पुन्हा छातीची तपासणी होती. "मीही येते," असं बायको म्हणाली तेव्हा मामांना आश्चर्य वाटलं. तपासणीच्या खोलीत खिडक्यांना पडदे लावलेले होते. मामा कुशीवर निजले, बायको पायांशी उभी राहिली. मशीनच्या पडद्यावर ती करडी थरथर सुरू झाली तशी ती वाकून बघू लागली. पापणी न हलवता.

"उजवी बाजू लहान झालीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. खाली त्यांना धाप लागत नव्हती, त्या भरभर बोलत होत्या. "मधली भिंत जाग्यावर येतेय. दाब बराच उतरलाय."

"पूर्ण?" बायकोने विचारलं.

"नाही. आक्रसलेल्या नळ्या सैल होतात, पण इतक्या वर्षांत काही नळ्यांच्या भिंतीच जाड झाल्यात. त्या किती सुटतील ते आज सांगता येणार नाही. वर्ष लागेल, दोन वर्षं लागतील. काही तशाच राहतीलही." मग मामांकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही दर वेळी विचारता त्याचं उत्तर तेच आहे. वर जायचं नाही. कधीच नाही. तो अर्ज मागे घ्या. ऑफिसने माझं मत मागवलंय आणि मी नाही म्हणून लिहिलंय."

मामा पडद्याकडे तोंड करून पडून राहिले. मागे वळायची त्यांना हिंमत होईना.

इस्पितळाबाहेर पडल्यावर बायको पुढे चालू लागली. झपझप. मामा मागे. चढ नव्हता, तरी त्यांना तिला गाठता येईना. दुसऱ्या चौकात ती थांबली, मागे न बघता. ते आले.

"अर्ज केला होता," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं."

"माहीत होतं मला."

"कसं?"

"पाकीट टपालात टाकायला तुम्ही माझ्या शिकाऊ बाईकडे दिलंत. तिने ते माझ्या टेबलावर ठेवलं. मीच टाकलं पेटीत." ती अजून रस्त्याकडेच बघत होती. "माणसाला जायचंच असेल तर मी काय पाकीट फाडू?"

"तिथे मला..." मामांनी बुटांकडे पाहिलं. "तिथे मी नसतो तर फोन बंद पडले असते. तीन खोऱ्यांतले."

"इथलाही पडला असता, रविवारचा," ती म्हणाली. मग रस्ता मोकळा झाला आणि दोघांनी तो बरोबरच ओलांडला.

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. मामांनी अर्ज मागे घेतला. ऑफिसने त्यांना गावातल्या कचेरीत सकाळचं काम दिलं, वरून येणारे आकडे टिपून घ्यायचं. आकडे पंधरवड्या सांगायचा. मामांना त्याचा श्वास ऐकू यायचा, आणि ते त्याला दर वेळी नखं बघायला सांगायचे. जेवताना चमच्याचे आवाज होतच राहिले, पण एखाद्या दिवशी मामा आपणहून काहीतरी बोलायचे आणि ती "हो का?" म्हणायची.

एका मंगळवारी दुपारी ती चप्पल घालता घालता म्हणाली, "मी जरा मैत्रिणीकडे जातेय. वर्ग नाहीये आज. सहापर्यंत येते. एकटे राहाल ना?"

मामा हसले. "मला विचारतेस?"

ती गेली. घर रिकामं झालं. मामांनी पुढच्या खोलीत खुर्ची ओढली आणि बसले. सहा मशीनं झाकून ठेवलेली होती. रस्त्यावर कुणीतरी गाडी लावली, कुणीतरी काढली. हे एकटेपण आपल्या चांगल्या ओळखीचं, असं समजून ते निवांत बसले होते. तासाभरात त्यांना कळलं, की हे ते नव्हे. वर त्यांनी एकोणीस वर्षांत कुणाची वाट पाहिली नव्हती. जीप यायची तेव्हा यायची, पंधरवड्या यायचा तेव्हा यायचा. इथे सहाचा आकडा होता. साडेपाच झाले, पावणेसहा झाले, आणि छातीत काहीतरी घट्ट होत गेलं. त्यांनी आधी नखं बघितली. गुलाबी होती. मग त्यांच्या लक्षात आलं, की ही तक्रार त्या जातीची नाही. बायको गेली तेव्हापासून ते घड्याळाकडेच तोंड करून बसले होते.

सहा वाजले. सहा वाजून दहा मिनिटं झाली. फोन करावा असं वाटलं, पण फोनवर काय बोलायचं? रविवार नव्हता. आणि आज त्यांना तिचा नुसता आवाज नको होता. ते उठले, दार उघडून जिन्यात आले आणि कठड्याला धरून खाली बघत उभे राहिले. शेजारची मुलगी पायऱ्या चढत आली. "काका, काही हवंय का?" तिने विचारलं.

"नाही ग," मामा म्हणाले. "उभा आहे नुसता."

ती वर निघून गेली. मामा तिथेच थांबले, खालच्या दाराचा आवाज ऐकण्यासाठी.